आठ मशीन, एक पडदा: कुठल्या चौकटीत काय दिसावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडच्या ऑफिसातून दिवाळीच्या फराळाच्या ऑनलाइन ऑर्डरी घेतल्या जातात. एकूण आठ लिनक्स मशीन आहेत. चार वेब सर्व्हर आणि पोस्टग्रेसचे दोन डेटाबेस, एक मुख्य आणि एक प्रत, मुंबईच्या क्लाउडमध्ये. उरलेली दोन भोसरीच्या पॅकिंग युनिटमध्ये, लेबलं छापायला आणि बिलिंगला. विचारणारे सध्या आठ टर्मिनल उघडून एकातून दुसऱ्यात उड्या मारतात. त्यांना हवं आहे की एकाच खिडकीचे भाग करून आठही मशीन एकदम दिसावीत, आणि जमल्यास एकच कमांड आठही ठिकाणी एकदम देता यावी.

पहिल्या मागणीला माझं उत्तर स्वच्छ होकार आहे, दुसरीला अटींसह. पडदा आठ ठिकाणी कापणं पाच मिनिटांचं काम आहे. खरा विचार लागतो तो प्रत्येक चौकटीत काय दिसावं हे ठरवायला. आठ चौकटींत आठ वेगवेगळ्या गोष्टी लावल्या तर डोळा काहीच पकडत नाही. आठांतही तीच मांडणी, त्याच ओळीला तोच आकडा असं असेल तर बिघडलेलं मशीन तुम्ही वाचायच्या आधीच दिसतं. म्हणून पुढच्या उत्तरात कमांड कमी आणि मांडणी जास्त आहे. कमांड बोलताना उच्चारतो तशा लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या.

साधन म्हणून टीमक्स घ्या, म्हणजे एकाच टर्मिनलचे अनेक भाग करून देणारा प्रोग्राम. निकोलस मॅरियट यांनी ते लिहिलं, २००७ पासून ते उपलब्ध आहे आणि प्रत्येक लिनक्सच्या भांडारात मिळतं. त्याआधीचं तशाच कामाचं स्क्रीन हे साधन १९८७ पासूनचं आहे आणि अजून चालतं, पण पडदा कापणं आणि स्क्रिप्टमधून सगळं चालवणं टीमक्समध्ये फार सुटसुटीत आहे. टर्मिनेटर किंवा मॅकवरचं आयटर्म हेसुद्धा खिडकी विभागून देतात. अडचण अशी की ते तुमच्या लॅपटॉपवर चालतात. लॅपटॉप झोपला की आठही जोडण्या गेल्या.

यावरून पहिला निर्णय येतो: टीमक्स चालवायचं कुठे? लॅपटॉपवर नाही. एक छोटं, कायम चालू राहणारं मशीन ठेवा, त्यावर टीमक्स चालवा आणि तिथून बाकीच्या आठांकडे एसएसएच करा, म्हणजे नेटवर्कवरून त्यांच्यात सुरक्षितपणे लॉगिन करा. टीमक्सचे दोन भाग असतात. मागे सर्व्हर चालत राहतो आणि तुमच्या टर्मिनलमध्ये दिसतो तो फक्त त्याचा ग्राहक. कंट्रोल-बी आणि मग डी दाबलं की तुम्ही बाहेर पडता, आतलं सगळं चालू राहतं. घरी जाऊन टीमक्स अटॅच म्हटलं की पडदा होता तसा समोर. वाटेत सिंहगड रोडवर मोबाइलचं नेट गेलं तरी काही बिघडत नाही, कारण तुटते ती फक्त तुमची आणि त्या एका मशीनची जोडणी.

हे मधलं मशीन तुमच्या बाबतीत क्लाउडमध्येच असावं असं मला वाटतं. पावसाळ्यात ऑफिसची वीज जाते, भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा विजेच्या देखभालीचा वार असतो, आणि अशा वेळी काय चाललंय ते पाहायचं साधनच बंद पडणं परवडणारं नाही. ऑफिसातच ठेवायचं असेल तर मशीनसोबत राउटरही यूपीएसवर हवा. राउटर हमखास विसरला जातो.

काही ठिकाणी लॉगआउट केलं की टीमक्सही मरतं. तसं झालं तर सिस्टिमडीच्या लॉगिनडीमधलं किल-यूझर-प्रोसेसेस हे सेटिंग पाहा, किंवा लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर ही कमांड त्या यूझरसाठी एकदा चालवा. आणि टीमक्स रीबूटमधून वाचत नाही. म्हणून सगळी मांडणी हाताने कधीच करू नका, ती एका शेल स्क्रिप्टमध्ये असू द्या. मधलं मशीन परत चालू झालं की स्क्रिप्ट चालवायची, पडदा तयार.

आता जोडण्या. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक मशीनला छोटं, बोलतं नाव द्या: वेब१ ते वेब४, डीबी-मुख्य, डीबी-प्रत, भोसरी-लेबल, भोसरी-बिल. आयपी पत्ते लक्षात ठेवून काम करणारा माणूस रात्री दोन वाजता चुकीच्या मशीनवर असतो. त्याच फाइलमध्ये सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ३० ठेवा. सर्व्हर-अलाइव्ह-काउंट-मॅक्स मुळातच ३ असतो. म्हणजे समोरून उत्तर आलं नाही तर साधारण दीड मिनिटात एसएसएच ती जोडणी मेली असं मानून बंद करतं.

हे का करायचं ते नीट समजून घ्या, कारण मला सगळ्यात धोकादायक वाटते ती हीच गोष्ट. जोडणी मध्येच कुठेतरी तुटली आणि दोन्ही टोकांना ते कळलंच नाही, तर चौकटीत शेवटचे आकडे तसेच गोठून राहतात. मशीन कोसळलेलं असतं आणि पडद्यावर मात्र लोड (कामाचा ताण) ०.४, मेमरी भरपूर, सगळं झकास. भोसरीच्या मशीनना तुम्ही साध्या ब्रॉडबँडमधून पोचणार, तिथे राउटर काही वेळ हालचाल न दिसल्यास जोडणीची नोंद पुसून टाकतो, त्यामुळे असं होण्याची शक्यता जास्त. ठराविक वेळाने जाणारा तो छोटा संदेश नोंद जिवंत ठेवतो आणि खरंच तुटलं असेल तर लवकर कळवतो.

तरीही ते दीड मिनिट उरतंच. म्हणून प्रत्येक चौकटीत चालतं घड्याळ दिसलं पाहिजे, हा माझा न मोडण्याचा नियम आहे. वॉच ही दिलेली कमांड ठराविक वेळाने पुन्हा-पुन्हा चालवते आणि वरच्या ओळीत उजवीकडे मशीनचं नाव आणि वेळ दाखवते. ती ओळ जागा वाचवायला बंद करता येते, पण करू नका. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या टॉप या कमांडच्याही पहिल्या ओळीत वेळ असते. आठ घड्याळांतलं एक थांबलं की ते लगेच खटकतं. इथे एक अडचण येते: क्लाउडमधली मशीन बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात आणि भोसरीची भारतीय वेळेवर, मग साडेपाच तासांचा फरक दिसतो आणि डोळ्याला तुलना जमत नाही. टाइमडेटसीटीएलने आठही मशीन एशिया/कोलकाता या वेळेवर आणा. लॉग ताडून पाहतानाही त्याचा फायदा होतो. फक्त आधी सर्व्हरवरची क्रॉनची, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी, कामं तपासा, कारण ती मशीनच्या वेळेप्रमाणे चालतात आणि रात्रीचा बॅकअप अचानक भलत्या वेळी सरकू शकतो.

जोडणी तुटल्यावर चौकट नाहीशी होता कामा नये. टीमक्सची मूळ सवय अशी की आतली कमांड संपली की चौकट बंद होते आणि शेजारच्या चौकटी पसरून ती जागा घेतात. आठाची सात झालेली गर्दीत लक्षात येत नाही. रिमेन-ऑन-एक्झिट ऑन करा, म्हणजे मेलेली चौकट जागेवर राहते आणि तसं लिहूनही दाखवते. रिस्पॉन-पेनने ती परत उठवता येते. आपोआप परत जोडायचं असेल तर एसएसएच एका व्हाइल लूपमध्ये घाला आणि प्रत्येक फेरीनंतर दहा-पंधरा सेकंदांचा स्लीप नक्की ठेवा. स्लीप नसेल तर लूप सेकंदाला कित्येकदा दार ठोठावतो, आणि पलीकडे वारंवार फसलेल्या लॉगिनचा पत्ता अडवणारं फेल-टू-बॅन बसवलेलं असेल तर चावी (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी एसएसएचची फाइल) जुळत नसताना तुमचाच पत्ता बंद होतो.

आता पडदा कापूया. कंट्रोल-बी आणि टक्क्याची खूण दाबली की डावी-उजवी फाळणी होते, कंट्रोल-बी आणि दुहेरी अवतरणचिन्ह दाबलं की वर-खाली. प्रत्येक चौकटीला टीमक्समध्ये पेन म्हणतात. चार-पाच वेळा कापल्यावर नवीन पेनला जागा नाही असा संदेश येतो. पडद्यावर जागा असतेच, पण टीमक्स दरवेळी चालू चौकटीचेच दोन भाग करतं आणि ती अर्धी-पाव होत जाते. उपाय सोपा आहे: स्क्रिप्टमध्ये प्रत्येक स्प्लिट-विंडोनंतर लगेच सिलेक्ट-लेआउट टाइल्ड द्या, म्हणजे दर वेळी सगळ्या चौकटी सारख्या होतात आणि पुढचीला जागा मिळते.

किती चौकटी मावतील याचा हिशोब आधीच करा. १९२० बाय १०८० चा मॉनिटर, अक्षर ८ पिक्सेल रुंद आणि १६ उंच, म्हणजे २४० स्तंभ आणि ६७ ओळी. खालची पट्टी आणि मधल्या रेघा वजा केल्या तर तीन बाय तीनच्या मांडणीत प्रत्येक चौकटीला ७९ स्तंभ आणि २१ ओळी मिळतात. बहुतेक कमांडची पैदास ८० स्तंभांच्या टर्मिनलवर झालेली असल्याने नऊ ही मला मर्यादा वाटते. त्यापुढे ओळी मोडायला लागतात आणि मोडलेली ओळ कुणी वाचत नाही. तुमच्याकडे आठ मशीन आहेत, नववी चौकट त्या मधल्या मशीनची स्वतःची ठेवा. ज्यावर सगळं अवलंबून आहे त्याचीच डिस्क भरली, असं मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे.

जागा पक्क्या करा. वरच्या रांगेत वेब१, वेब२, वेब३, मधल्या रांगेत वेब४ आणि दोन्ही डेटाबेस, खाली भोसरीची दोन आणि मधलं मशीन. हा क्रम पुन्हा बदलू नका. काही दिवसांत डोळा नाव न वाचता जागेवरून मशीन ओळखायला लागतो. तरी नावं हवीतच, कारण नवीन माणूसही तो पडदा बघणार. पेन-बॉर्डर-स्टेटस टॉप केलं की प्रत्येक चौकटीच्या वरच्या रेघेवर नाव लिहिता येतं. तिथे पेनचं शीर्षक दाखवलं तर एक गोची होते: उबुंटूसारख्या मशीनवरचा शेल प्रॉम्प्टसोबत ते शीर्षक स्वतःच बदलतो आणि तुमचं नाव पुसलं जातं. त्याऐवजी टीमक्समध्ये ॲट चिन्हाने सुरू होणारा स्वतःचा ऑप्शन बनवता येतो. प्रत्येक पेनला तसा एक देऊन त्यात नाव ठेवा आणि पेन-बॉर्डर-फॉरमॅटमध्ये तोच दाखवा. त्याला बाहेरचं कुणी हात लावत नाही. मुख्य डेटाबेसच्या चौकटीला सिलेक्ट-पेन डॅश कॅपिटल पी वापरून गडद लाल पार्श्वभूमी द्या. तिथे टाइप करायच्या आधी हात थांबला पाहिजे.

चौकटीत काय असावं? पुष्कळ जण आठही ठिकाणी एचटॉप लावतात. एचटॉप उत्तम आहे, पण एका मशीनवर बसून खोलात पाहण्यासाठी. जास्त कोअर असलेल्या मशीनवर त्याच्या पट्ट्याच अर्धी चौकट खातात, आणि प्रोसेसची यादी सतत वर-खाली होत राहिल्याने नऊ चौकटींत नऊ यादव्या माजतात. मी आठही मशीनवर नजर नावाची एक छोटी शेल स्क्रिप्ट ठेवतो आणि ती वॉच डॅश एन ५ ने चालवतो. तिच्यात सगळीकडे त्याच क्रमाने येतं: अपटाइम (लोड), फ्री डॅश एच (मेमरी), मोजक्या डिस्कचा डीएफ (डिस्कवरची जागा), सर्वाधिक मेमरी घेणाऱ्या पाच प्रोसेस, आणि शेवटी त्या मशीनच्या कामाचा एक आकडा. सगळं मिळून वीस ओळींच्या आत. एसएसएचला डॅश टी द्यायला विसरू नका, नाहीतर पलीकडे टर्मिनल मिळत नाही आणि वॉच सुरूच होत नाही.

या ओळी वाचायच्या कशा ते सांगतो, कारण इथे गैरसमज फार आहेत.

अपटाइममधले लोडचे तीन आकडे शेवटचं १ मिनिट, ५ मिनिटं आणि १५ मिनिटं यांचे. मशीनला चार कोअर असतील तर ४ म्हणजे काठोकाठ, दोनच असतील तर ४ म्हणजे रांग लागली. म्हणून स्क्रिप्टमध्ये किती कोअर आहेत ते सांगणारा एनप्रॉकचा आकडाही शेजारी छापा. पण लिनक्समधला लोड नुसत्या सीपीयूचा नसतो. डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फाइलची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही त्यात मोजल्या जातात. त्यामुळे लोड ३० आणि सीपीयू जवळजवळ रिकामा असं चित्र दिसलं तर सीपीयू वाढवून उपयोग नाही, डिस्ककडे जा. तीन आकड्यांचा उतार-चढही पाहा. पहिला मोठा आणि तिसरा लहान, तर त्रास आत्ता सुरू झाला आहे. उलट असेल तर ओसरतोय.

फ्रीमध्ये फ्री हा स्तंभ पाहून घाबरू नका. लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या साठवणीला वापरतं, त्यामुळे तो आकडा नेहमीच छोटा असतो. पाहायचा तो शेवटचा, अव्हेलेबल. डीएफला डॅश एल द्या, म्हणजे तो फक्त स्थानिक डिस्क मोजतो. नेटवर्कवरची जोडलेली डिस्क अडकली तर साधा डीएफही तिच्यासोबत अडकून बसतो. लेबल छापणाऱ्या मशीनवर डीएफ डॅश आय सुद्धा ठेवा. तिथे हजारो छोट्या फाइली साठतात, डिस्कवर जागा शिल्लक असते पण आयनोड (प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदी) संपतात, आणि फाइल लिहिताना जागा नाही असाच संदेश येतो.

मेमरीची यादी पीएस या प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडमधून घ्या, सीपीयूची मात्र घेऊ नका. पीएसमधला सीपीयूचा टक्का ही प्रोसेस सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. आठवडाभर निवांत असलेली पोस्टग्रेसची प्रोसेस आत्ता पूर्ण कोअर खात असली तरी तिथे नगण्य आकडा दिसतो. सीपीयू कोण खातंय ते पाहायचं तर त्या मशीनवर टॉप लावा.

कामाचा शेवटचा आकडा तुम्हीच ठरवायचा आहे, आणि माझ्या मते नजर स्क्रिप्टमधली सगळ्यात मोलाची ओळ तीच. वेब सर्व्हरवर एसएस डॅश एस मधली टीसीपी जोडण्यांची संख्या घ्या. चार वेब सर्व्हरवर हा आकडा साधारण सारखा हवा. तिघांवर ४०० आणि चौथ्यावर ९ असेल तर चौथा निरोगी दिसला तरी लोड बॅलन्सर (आलेल्या विनंत्या सर्व्हरांत वाटून देणारा) त्याला बाजूला टाकून बसला आहे. हे त्या मशीनच्या लोडवरून कधीच कळलं नसतं, उलट त्याचा लोड सगळ्यांत छान दिसला असता. शेजारी-शेजारी पाहण्याचा खरा फायदा हा आहे. डीबी-प्रतीवर ती मुख्य डेटाबेसच्या किती मागे आहे ते दाखवा: आत्ताच्या वेळेतून पीजी-लास्ट-झॅक्ट-रिप्ले-टाइमस्टॅम्प वजा करायचा. पहाटे ऑर्डरीच येत नसतात तेव्हा हा फरक वाढत जाताना दिसेल. लिहिण्यासारखं काही घडलंच नाही म्हणून तो वाढतो, त्याने दचकू नका. ऑर्डरी येत असताना वाढला तर मात्र लगेच उठा. भोसरीत छपाईच्या रांगेत किती लेबलं अडकली आहेत ते दाखवा, एलपीस्टॅटच्या ओळी मोजल्या की झालं.

वॉचची एक मर्यादा आहे, तो मागचं पुसून टाकतो. मिनिटापूर्वी आकडा काय होता ते कळत नाही. त्यासाठी टीमक्समध्येच दुसरी खिडकी करा आणि तिथे चार वेब सर्व्हर, दोन बाय दोन, प्रत्येकात व्हीएमस्टॅट डॅश टी ५, ही सीपीयू-मेमरीचे आकडे ओळीने छापत जाणारी कमांड. चारच चौकटी, कारण ७९ स्तंभांत व्हीएमस्टॅटची वेळेसकटची ओळ मावत नाही. इथे ११९ मिळतात. दर पाच सेकंदांना एक ओळ येते आणि तीसेक ओळी दिसतात, म्हणजे जवळपास अडीच मिनिटांचा इतिहास डोळ्यांपुढे राहतो. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. मग आर (सीपीयूच्या रांगेतल्या प्रोसेस), बी (डिस्कवर अडकलेल्या), एसआय, एसओ, डब्ल्यूए (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) आणि एसटी हे स्तंभ पाहायचे. एसआय-एसओ सतत शून्याच्या वर म्हणजे मेमरी कमी पडून डिस्कशी देवाणघेवाण चालू आहे, आणि वेबसाइट मंदावल्याची तक्रार लवकरच येणार. क्लाउडच्या मशीनवर एसटी चढत असेल तर खालचं खरं मशीन तुम्हाला तुमच्या वाट्याचा सीपीयू देत नाही. तुमच्या कोडमध्ये कितीही शोधलंत तरी कारण सापडणार नाही. स्वस्त प्रकारची क्लाउड मशीन ठराविक कोटा संपल्यावर नेमकी अशी वागतात, आणि कोटा संपतो तो ऑर्डरींच्या गर्दीतच.

तिसरी खिडकी लॉगची. इथे एकच सांगतो: फाइलच्या शेवटी येणाऱ्या नव्या ओळी दाखवणारा टेल डॅश एफ लावताना एफ कॅपिटल घ्या. छोट्या एफने टेल उघडलेल्या फाइललाच धरून बसतो. रात्री जुने लॉग बाजूला करणाऱ्या लॉगरोटेटने फाइलचं नाव बदललं की तुम्ही जुन्या फाइलकडे बघत राहता आणि लॉग शांत आहे असं समजता. कॅपिटल एफ नावाचा पाठलाग करतो.

एखाद्या चौकटीत काही संशयास्पद दिसलं तर कंट्रोल-बी झेड दाबा, ती पूर्ण पडदाभर होते. परत झेड, परत जागेवर.

आठही मशीनवर दर पाच सेकंदांना पाहणी चालवण्याचा भार नगण्य आहे, पण एक चूक सर्रास होते. काही जण वॉच मधल्या मशीनवर चालवतात आणि त्याच्या पोटात एसएसएच ठेवतात. त्यामुळे दर फेरीला नवीन जोडणी, नवीन चावीची तपासणी, आणि समोरच्या मशीनच्या लॉगिनच्या लॉगमध्ये दिवसाला हजारो नोंदी. मग खरंच कुणी घुसायचा प्रयत्न केला तर त्या ढिगात सापडत नाही. एसएसएच बाहेर आणि वॉच आत, हाच क्रम ठेवा. एक जोडणी, दिवसभर.

आता दुसरी मागणी, एकच कमांड आठही ठिकाणी. टीमक्समध्ये सिंक्रोनाइझ-पेन्स ऑन केलं की तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ खिडकीतल्या सगळ्या चौकटींत जाते. दिसायला हे फार आकर्षक आहे. मी ते वापरतो, पण फक्त वाचण्यासाठी: आठही मशीनवर एखाद्या पॅकेजची आवृत्ती पाहणे, एखाद्या फाइलचा चेकसम ताडणे, इतपत. बदल करण्यासाठी वापरू नका, असं मी आग्रहाने सांगेन. कारणं ठोस आहेत. सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं) म्हटल्यावर सात मशीन पासवर्ड विचारतात आणि आठवं विचारत नाही, कारण तिथे तुम्ही नुकताच दिला होता. आता टाइप केलेला पासवर्ड आठव्या मशीनवर कमांड म्हणून जातो, पडद्यावर उघडा दिसतो आणि शेलच्या हिस्टरीत जाऊन बसतो. फाइल संपादित करायला व्हीआय उघडलंत तर तीच ओळ आठही फाइलींत त्याच क्रमांकावर असेलच असं नाही. पॅकेज बसवताना एक मशीन मध्येच प्रश्न विचारतं, आणि तुमची पुढची कमांड त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून गिळतं. आणि रीबूट एकदम आठही ठिकाणी गेला तर त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

वापरायचंच असेल तर पाहणीच्या खिडकीत कधीच नको. काम नावाची चौथी खिडकी करा. चालू-बंद एका कळीवर बांधा, आणि चालू असताना खालची पट्टी लाल होईल असं स्टेटस-स्टाइलमध्ये लावा, म्हणजे ते बंद करायचं राहिलं तर दिसेल.

एकाच वेळी खरोखर काम करायचं असेल तर त्यासाठी वेगळी साधनं आहेत आणि ती जास्त बरी. क्लश किंवा पीडीएसएच एक कमांड सगळीकडे चालवून उत्तर गोळा करतात. क्लशला डॅश बी दिलं की सारखी उत्तरं असलेली मशीन तो एकत्र करून एकदाच छापतो: सात मशीनचं उत्तर हे, वेब३ चं मात्र हे. तुलना तुमच्या डोळ्यांऐवजी तोच करतो. नेहमीच्या बदलांसाठी अ‍ॅन्सिबल शिका. ते एकेका मशीनवर क्रमाने जाऊ शकतं आणि पहिल्यावर बिघडलं तर थांबतं. वेब सर्व्हर चार ठेवण्याचं कारणच हे असतं की एक पडला तरी तीन उभे राहावेत. चौघांवर एकदम बदल केला तर ते कारणच संपतं.

सुरक्षिततेचा भाग टाळू नका. मधल्या मशीनवर तो यूझर ज्याला मिळाला त्याला आठही मशीन मिळाली. म्हणून पाहणीसाठी वेगळी चावी बनवा, आणि आठही मशीनवर ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये तिच्यापुढे रिस्ट्रिक्ट, पीटीवाय आणि कमांड असे तीन शब्द लिहा. कमांडमध्ये नजर स्क्रिप्ट चालवणारी वॉचची ओळ. रिस्ट्रिक्ट सगळं बंद करतं, टर्मिनलसुद्धा, म्हणून पीटीवाय परत द्यावं लागतं. आता ती चावी चोरीला गेली तरी चोराला दिसेल ती फक्त नजर. वॉच चालताना सुडोची कधीच गरज पडत नाही, तेव्हा यूझरही साधाच ठेवा. व्हीएमस्टॅटच्या आणि लॉगच्या खिडक्यांना ही चावी चालणार नाही, कारण ती एकाच कमांडला बांधलेली आहे. त्यांना प्रत्येकी अशीच स्वतःची चावी द्या. ऑफिसात भिंतीवरच्या मॉनिटरवर पडदा लावायचा असेल तर टीमक्स अटॅच डॅश आर म्हणा. तिथून फक्त बघता येतं, कळफलकाचा परिणाम होत नाही. भिंतीवर मात्र लॉगची खिडकी दाखवू नका, त्यात ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर असू शकतात.

राहिला प्रश्न तुम्ही पडद्यासमोर नसण्याचा. विभागलेला पडदा हे बसलेल्या माणसाचं साधन आहे: नवीन आवृत्ती चढवताना, ऑर्डरी उघडल्यावरच्या पहिल्या तासात, कुरिअरची गाडी यायच्या आधी लेबलांची झुंबड असते तेव्हा. रात्री कुणी बघत नाही. रात्रीसाठी झॅबिक्स, नॅगिओस किंवा प्रोमिथियस यांतलं, स्वतःच लक्ष ठेवून इशारा देणारं काहीतरी लागेल. आठ मशीनसाठी ते लगेच जमणार नसेल तर निदान नजर स्क्रिप्टच्याच आकड्यांवर क्रॉनमधून एक तपासणी लावा: डिस्क ८० टक्क्यांच्या वर, अव्हेलेबल मेमरी १० टक्क्यांच्या खाली, डीबी-प्रत ऑर्डरींच्या वेळेत पाच मिनिटांहून मागे, यांपैकी काहीही झालं की फोनवर संदेश. ही तपासणी मधल्या मशीनवरून चालवा, त्या-त्या मशीनवरून नको, कारण बंद पडलेलं मशीन स्वतःबद्दल काही सांगत नाही. आणि फराळाच्या ऑर्डरी उघडण्याच्या निदान दोन आठवडे आधी सगळं बसवून टाका, म्हणजे साध्या दिवशी हे आकडे कसे दिसतात ते पाहायला वेळ मिळेल. साध्या दिवशीचे आकडे माहीत नसतील तर गर्दीच्या दिवशी वेब२ वरचा ३.८ लोड नेहमीचा की वाढलेला, हे सांगता येणार नाही.